शिफूंचा हात लागला की

ही गोष्ट खरं म्हणजे मी सांगायची नाही. आम्हाला कुंग फू शिकवणाऱ्या ताईंनी सराव संपल्यावर ती सांगितली आणि बजावलं, "ही आपल्यापुरतीच हं, बाहेर न्यायची नाही." पण काही गोष्टी पोटात राहत नाहीत. म्हणून हळूच सांगते.

चीन देशात एका डोंगरउतारावर चहाचे मळे होते. मळ्यांच्या खाली एक गाव होतं आणि गावाच्या टोकाला एक आखाडा. तिथे एक म्हातारे गुरू शिकवत. तिकडे गुरूला शिफू म्हणतात.

शिफूंची विद्या दांडगाईची नव्हती. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट लावायचं आणि समोरच्याचा जोर कुठून येतो, कुठे अडतो, ते नुसत्या स्पर्शाने ओळखायचं. ओळखलं की हलकेच ढकलायचं. तरुणपणी शिफूंचा हात लागला की भलेभले भाताच्या पेंढीसारखे आडवे होत.

त्या आखाड्यात वय विचारत नसत. नवा शिष्य आला की तो शिफूंना वाटीभर चहा देई. ती वाटी मग त्याच्या नावाने फळीवर राही. ज्याची वाटी आधी लागली तो थोरला. त्यामुळे तिथली थोरली शिष्या तिशीची होती आणि धाकटा शिष्य चांगला चाळिशीचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला. तो तिला 'अक्का' म्हणे.

आणि थोरली फार दमली होती. शिकून नव्हे, शिकवूनही नव्हे. ती पडून पडून दमली होती.

त्याचं असं झालं. एका हिवाळ्यात शिफू तापाने अंथरुणाला खिळले. उठले तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. त्यांनी थोरलीच्या मनगटाला मनगट लावून ढकललं आणि ती जागची हलली नाही. त्या दिवशी शिफूंनी जेवणाची वाटी तशीच परत पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा हात लागताच थोरली मागे जाऊन धप्पकन पडली. शिफू हसले. वाटीभर भाताची पेज संपवून त्यांनी आणखी मागितली.

मग ती रोज पडू लागली. तिचं पाहून बाकीचे पडू लागले. पुढे नवे आले, त्यांना वाटलं इथली रीतच अशी असणार. शिफूंचा ताप गेला, अशक्तपणा राहिला, वय वाढलं आणि शिष्य मात्र लांब लांब जाऊन पडू लागले. शिफूंना वाटलं, आपली विद्या पिकत चालली आहे.

थोरलीला वाटे, आज सांगू. मग ती शिफूंच्या पेजेच्या वाटीकडे बघे आणि पुन्हा पडे. सकाळी उठताना तिला कंबर धरून उठावं लागे.

वसंतात गावची जत्रा भरे. जत्रेत माणसाच्या उंचीहून उंच फळ्यांचा मंच बांधत. त्यावर दोघांनी चढायचं आणि एकाने दुसऱ्याला खाली लोटायचं. खाली सगळी दगडी फरशी. त्या वर्षी नदीपलीकडून एक पैलवान आला. तो एकट्याने होड्या काठावर ओढून काढतो, असं लोक सांगत.

संध्याकाळी शिफू अंगणात आले आणि म्हणाले, "उद्या मंचावर मी चढणार."

शिफू आत गेल्यावर धाकटा थोरलीच्या शेजारी येऊन बसला.

"अक्का, आता हो?"

"आता काय? त्यांना सांगायला हवं."

"सांगायला हवं हे खरं. पण मी नाही हं सांगणार. मी इतका छान पडतो, की कधी कधी मलाच वाटतं खरंच ढकललं." तो जरा थांबला. "त्यापेक्षा पैलवानालाच सांगून बघू का? म्हणावं, बाबा रे, आमच्यासाठी थोडा पड."

"तो पडला तर मंच मोडेल."

धाकटा हसला. थोरलीला हसू आलं नाही. उद्या त्या फरशीवर शिफूंची हाडं मोडणार, आणि ती आपणच मोडलेली असणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सकाळी शिफू नवा अंगरखा घालून आले. मंचावर जाण्याआधी थोरल्या शिष्याशी हात भिडवायचा, ही त्या आखाड्याची जुनी रीत होती. थोरली पुढे झाली. मनगटाला मनगट लागलं. शिफूंचा हात वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा हलका होता. त्यांनी ढकललं.

ती पडली नाही.

शिफूंनी पुन्हा ढकललं. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"आज तुझे पाय जमिनीत पुरलेत की काय?"

"नाही, शिफू."

"मग?"

"शिफू, तुम्ही मला पाडत नव्हता. मी पडत होते."

शिफू वळले, फळीजवळ गेले आणि त्यांनी थोरलीची वाटी पालथी घातली. त्या आखाड्यात पालथ्या वाटीचा अर्थ एकच होता, आता इथून जा.

थोरलीने वाकून नमस्कार केला आणि आपलं बोचकं बांधायला घेतलं. तिला रडू येत होतं आणि खूप दिवसांनी खांदे हलकेही वाटत होते.

"धाकट्या, तू ये," शिफू कडाडले.

धाकटा घाबरून पुढे आला. त्याने एकदा अक्काकडे पाहिलं, एकदा पालथ्या वाटीकडे. शिफूंनी हात उचलला मात्र, धाकटा "आई गं" म्हणत मागे गेला आणि कोलांटी खाऊन कोंबड्यांच्या खुराड्यावर आदळला. कोंबड्या ओरडत पळाल्या.

शिफूंचा हात अजून हवेतच होता. तो कोणाला लागलाच नव्हता.

शिफू आपल्या हाताकडे बघत राहिले. मग ते हळूच पायरीवर बसले. बसल्या बसल्या म्हणाले, "मी फार दमलोय गं."

"मीही, शिफू," थोरली म्हणाली.

"तुला लागायचं का, पडताना?"

"कंबरेला. रोज."

शिफू उठले. पालथी वाटी त्यांनी उताणी केली, तिच्यात चहा ओतला आणि दोन्ही हातांनी थोरलीपुढे धरली. गुरूने शिष्याला चहा दिल्याचं त्या आखाड्यात कोणी कधी पाहिलं नव्हतं. घ्यावा की नाही, तिला कळेना.

"घे. निवतोय," शिफू म्हणाले.

त्या दिवशी शिफू जत्रेला गेले, पण मंचावर चढले नाहीत. लोक थोडे हसले. "म्हातारा भ्यायला," असंही कोणी म्हणालं. शिफू आपले भाजलेलं रताळं सोलत बसले. पैलवानाने एका धडधाकट तरुणाला खाली लोटलं, तेव्हा फरशीवर झालेला आवाज आखाड्यातल्या सगळ्यांनी ऐकला.

दुसऱ्या दिवसापासून शिफू पुन्हा थोरलीच्या मनगटाला मनगट लावू लागले. ते ढकलत, ती हलत नसे. ढकलताना ते बोलत, "जोर माझ्या खांद्यात अडतोय. बघ, तुझाही म्हातारपणी इथेच अडेल. तेव्हा असं करायचं." थोरली इतक्या वर्षांत शिकली नव्हती तेवढं त्या दिवसांत शिकली. आणि चहाची पानं खुडायचे दिवस आले तेव्हा एका सकाळी तिचा पाय सरकला, जेमतेम बोटभर.

शिफूंनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "पडलीस?"

"नाही, शिफू. सरकले. तुम्ही सरकवलंत."

त्या दिवशी शिफूंनी पेजेची वाटी संपवली आणि आणखी मागितली.

तात्पर्य: ज्याचा मान ठेवायचा, त्याच्यासमोर खोटं पडू नये. आपण मातीवर पडतो, पण त्या भरवशावर तो दगडावर पडायला निघतो.

ताई म्हणतात गोष्ट इथे संपते, पण मला विचाराल तर... हो ताई, आले! नाही, कोणाशी नाही बोलत. माझी पाळी आली. ताईंनी मनगट पुढे केलंय, आणि आज मी काही मुद्दाम पडणार ना...