वेगवतीच्या छातीवरचा आकडा

फार पूर्वीची नव्हे, परवाचीच गोष्ट. एका संगणकाच्या पोटात, निळ्या उजेडाच्या नगरीत, वेगवती नावाची मेमरीची पट्टी राहायची. तिच्या छातीवर वेगाचा भलामोठा आकडा छापलेला होता. तो वाचत ती दिवसभर स्वप्नात तरंगायची.

एकदा बाहेरून मालकीणबाईंचा आवाज आला, "संगणक फारच रखडतोय. ही पट्टी काढूनच टाकते."

वेगवती दचकली. नगरीतल्या सगळ्यांच्या कामाला ठेका देणाऱ्या घड्याळाला म्हणाली, "घड्याळदादा, मी तर वाऱ्यासारखी धावते ना?"

"अगं, पहिल्या दिवसापासून तू निम्म्याच वेगानं चालतेस. छातीवरचा वेग आपोआप मिळत नाही, जलद ठेका मागावा लागतो. तू कधी मागितलास?"

"आत्ता दे!"

ठेका वाढला. वेगवतीला धाप लागली, निळा उजेड झुळझुळ वाहू लागला, संगणक भराभर चालू लागला. पट्टी काढायला पुढे आलेला मालकीणबाईंचा हात थांबला.

आकडा अजून तिच्या छातीवर आहे. वाचायला मात्र तिला सवड नाही.