तांब्याच्या काळजातलं घुंगरू

एका गावात एक बहुरूपी होता. त्याला नुसतं "तुला जमायचं नाही" म्हटलं की स्वारी निघालीच. एकदा न्हाव्याने पैज लावली, तांबटाच्या डोळ्यांदेखत त्याच्या नव्या भांड्यात घुंगरू टाकून दाखव. बहुरूपी वाघ होऊन गेला, तांबटाला हसवून लोळवलं आणि पायातल्या चाळाचं एक घुंगरू हळूच भांड्यात सोडलं. भांडं जरा विचित्र होतं, मुठीएवढं, दोन तोंडांचं. पण एवढं कोण बघतो?

मग कळलं, ते भांडं नव्हतंच. काळीज होतं.

गावातल्या म्हाताऱ्या भडभुंजिणीचं काळीज थकलेलं. तिच्यासाठी तांबटाने तांबं ठोकून ठोकून नवं घडवलं होतं. आत पितळी झडपा, म्हणजे रक्त पुढे जाईल, मागे फिरणार नाही.

वैद्यांच्या ओसरीवर म्हातारीला निजवलं, सगळं गाव जमलं. बसवण्याआधी तांबटाने काळीज कानाशी हलवलं. छुम्.

त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, झडप निखळली, वितळवून पुन्हा घडवावं लागेल. वैद्य हळूच म्हणाले, तेवढा वेळ हिच्याकडे नाही.

गर्दीत आपला वाघ उभा होता, चाळ मुठीत दाबून. बोललो तर गाव चामडी सोलणार. पण लहानपणापासून फुकट फुटाणे खाल्ले ते हिच्याच भट्टीवर.

म्हातारीने तांबटाचा हात धरला. "माझ्या काळजाचे ठोके चुकायला लागले, म्हणून तू इतके ठोके घातलेस. कोण करतं रे कुणासाठी एवढं? मला सगळं पावलं."

मग तिची नजर बहुरूप्यावर गेली. "त्या वाघाला मूठभर फुटाणे द्या गं कुणी. तोंड बघा कसं सुकलंय."

झालं. वाघाचं मांजर झालं. रडतच पुढे आला आणि मूठ उघडली.

"वितळवू नका. झडप धड आहे. आतलं घुंगरू माझं आहे, मीच टाकलं."

तांबटाने एका तोंडातून पाणी सोडलं, दुसऱ्यातून घुंगरू टपकन पडलं. वैद्यांनी काळीज बसवलं. बहुरूप्याला मार पडला, तो पडायलाच हवा होता. पण भट्टी पुन्हा पेटली तेव्हा पहिले फुटाणे म्हातारीने त्यालाच दिले.

तर तात्पर्य काय: ज्याचं खाल्लं त्याचे उपकार मनात ठेवून भागत नाही, वेळेला तोंड उघडावं लागतं, मग मार का पडेना.