शेवरी माहेरी आली

फार फार वर्षांपूर्वी एका नदीवर दगडी बांध होता. लहानपणी पुरात वाहून त्याच्याखाली आलेली शेवरी मासोळी दरवर्षी अंडी घालायला माहेरच्या डोहाकडे निघे आणि भिंतीवर आपटून मागे फिरे.

"बांधदादा, जरा वाट द्या," ती विनवी.

"मी सरलो तर नदीच पळून जाईल," बांध म्हणे.

पण कोंडलेलं पाणी सडलं, तेव्हा गावकऱ्यांनीच पहारी घालून बांध फोडला. नदी कुठेही पळाली नाही. नितळ होऊन खळखळू लागली. शेवरी उड्या घेत डोहात पोचली.

"आलीस का गं माहेरी?" म्हाताऱ्या कासविणीने विचारलं. "आणि एकटीच?"

शेवरी बाजूला सरली. "नाही मावशी, सगळं गणगोत घेऊन आलेय."

तिच्यामागे सारी नदी माशांनी चमचमत होती.