शेवटची पट्टी

खाडीकाठच्या एका गावात एक सुतार होता. जाडजूड फळ्यांच्या होड्या बांधण्यात त्याचा हातखंडा. हातात बळ असं, की गावात म्हणायचे, याच्यापुढं लाकूडसुद्धा नमतं. ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

एकदा गावची म्हातारी सुईण त्याच्याकडे आली. म्हणाली, "बाबा, मला एक हलकी होडी करून दे. ओहोटीला जड होडी चिखलात रुतते, नि माझ्या एकटीच्यानं ती ढकलवत नाही. पलीकडच्या वाडीतल्या पोरीचे दिवस भरत आलेत. पहिलटकरीण आहे."

सुतार कामाला लागला. फणसाच्या बोटभर रुंद, पातळ पट्ट्या काढून त्यानं होडी बांधत आणली. राहिलं फक्त पुढचं टोक. तिथं पट्टीला सगळ्यात जास्त वाकवावं लागतं. त्यासाठी चार लांब पट्ट्या राखून ठेवल्या होत्या. लागणार होती एकच.

आणि नेमका तेव्हाच पलीकडून निरोप आला, "पोरीला बरं वाटत नाही. उद्या दुपारच्या आत या."

सुताराची धांदल उडाली. पहिली पट्टी त्यानं तशीच वाकवली. कट्! मोडली. दुसरी जाळावर धरली, ती करपून चिरली. तिसरी उकळत्या पाण्यातून काढली नि हिसका देऊन ओढली. तीही गेली.

"लाकूडच हट्टी आहे, मावशी!" तो कपाळाला हात लावून म्हणाला.

"लाकूड हट्टी, आणि तू गरीब गाय, होय रे?" सुईण हसली. "ऊठ, हंडा ठेव चुलीवर."

"सरपण संपलंय."

"हे काय पडलंय मग?" तिनं मोडक्या पट्ट्या गोळा करून चुलीत सारल्या. हंड्याला वाफ आली. तिनं शेवटची पट्टी वाफेवर आडवी ठेवली नि वरून ओलं गोणपाट पांघरलं.

थोड्या वेळानं सुतार उठला. "झालं असेल."

"बस खाली."

पुन्हा उठला. पुन्हा बसवला. शेवटी तिनं पट्टीला हात लावून पाहिलं. "आता घे. पण ओढू नको. पहिलटकरणीला आम्ही काय सांगतो? कळ आली की जोर, कळ गेली की दम. लाकूड देईल तेवढंच घे."

"आणि मोडली तर?"

"तर मी चिखल तुडवत जाईन. पण मोडायच्या आधीच तू रडू नको."

सुतारानं पट्टी साच्यावर टेकवली. जराशी दाबली, थांबला. पुन्हा जराशी. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं बळ आवरून धरलं होतं. पट्टी करकरली. पण त्याचा हात हलला नाही. मग ती हळूच, आपण होऊन वळल्यासारखी, साच्यावर येऊन निजली. त्यानं सुंभानं ती बांधली आणि सकाळपर्यंत सोडली नाही.

सकाळी टोक जुळलं, फटी बुजल्या. दुपार व्हायच्या आत सुईणीनं एकटीनं ढकलली, तशी होडी चिखलावरून पानासारखी घसरत पाण्यात गेली.

सुतार काठावर बसून राहिला. उन्हं कलली तेव्हा पलीकडून थाळी वाजल्याचा आवाज आला. बाळ आलं होतं!

घरी येऊन त्यानं चुलीतली राख हातात घेतली. मोडलेल्या तिघींनीच चौथीला वळवलं होतं. आपल्या बळकट हातांकडे बघून तो पहिल्यांदाच हसला.

तात्पर्य: वेळ थोडा असेल तेव्हा तर मुळीच हिसका देऊ नये. ऊब द्यावी, धीर धरावा. मग मोडणारंही वळतं.