‘लाभ’पुढं न सरकलेलं माप

सदूशेटनं त्या दिवशी जे केलं, ते कुणी वैऱ्याशीही करू नये! भरल्या देवळापुढं, गावादेखत, त्यानं ठकूकाकूला चोर म्हटलं.

आपले निवांतबुवा महाराज तेव्हा बोरखडीत देवळासमोरच ओढ्याकाठच्या चिंचेखाली मुक्कामाला होते. भंडाऱ्यासाठी दारोदार जोंधळे मागून आणायचं काम त्यांनी ठकूकाकूवर सोपवलं होतं. घरची गरीब, जिभेची तिखट, पण दाणा न् दाणा जपणारी बाई! आपल्या जुन्या लोखंडी पायलीनं तिनं घरोघरी मोजून घेतलं. वीस पायल्या भरल्या. देवळाची कोठी सांभाळायचा सदूशेट. त्यानं दुकानातून आपलं माप आणलं, मोजलं, तर सोळाच!

“चार पायल्या कुणाच्या चुलीत गेल्या, काकू?” शेट म्हणाला. “तुमचं ठकू हे नाव उगाच नाही ठेवलं!”

लोक फिदीफिदी हसले.

“मेल्या, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी!” ठकूकाकू कडाडली. पण देवाच्या धान्याला हात लावल्याचा डाग! तो तर चितेवरही जळायचा नाही. तिनं चिंचेकडं पाहून हात जोडले. “महाराज, तुम्हीच सांगा आता!”

महाराज उठून आले. म्हणाले, “आम्ही कशाला? माप सांगेल की. शेट, पुन्हा मोजा.”

पहिल्या मापाला आपण एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. तसं “लाभ!” म्हणून शेटनं सूप ओतलं. माप भरेना. दुसरं ओतलं, तिसरं ओतलं. भरेना! “लाभ... लाभ...” दोन म्हणायला जीभच वळेना हो! पाट्यांवर पाट्या रिचवल्या, अख्खी रास आत गेली, आणि जोंधळे आपले तळाशीच! बायाबापड्या पारावर चढून बघायला लागल्या.

महाराजांनी हळूच विचारलं, “काय शेट, अजून लाभ पुरा होईना का?”

शेटला दरदरून घाम फुटला. “महाराज, हे माझं घेण्याचं माप आहे! सव्वा पायलीचं! देण्याचं धाकटं दुकानात आहे. सवयीनं हेच उचलून आणलं. खरं बोललो असतो तर माझं बिंग फुटलं असतं, म्हणून काकूवर ढकललं...”

एवढं तोंडातून निघालं मात्र, माप कलंडलं आणि रास भडाभडा बाहेर! ठकूकाकूनं आपली पायली लावली. लाभ, दोन, तीन... विसावी भरली आणि खाली एक दाणा उरला नाही. अशी माउलीची करणी!

“देवाघरी घ्यायला आणि द्यायला एकच माप असतं,” महाराज म्हणाले.

शेट त्यांच्या पायांशी वाकला, तर महाराज दोन पावलं मागं सरले. “इथं नाही. तिथं.”

शेटनं ठकूकाकूच्या पायांवर डोकं टेकलं आणि हमसून रडू लागला. तिनं पदर खोचला.

“ऊठ, सदू. नाव माझं ठकू, पण ठक निघालास तू! ती दोन्ही मापं आण आणि माझ्यासमोर दगडानं चेच. उद्या पंगतीला सगळ्यांना तूच वाढायचंस, अगदी शीग लावून, काठावर ढीग चढेपर्यंत. आणि आता रडणं आटप, तिथं शीग लावू नकोस!”