उंबऱ्यासमोरचा क्रूस

वसई पट्ट्यातल्या मांडवआळीत शिरलात, की शेवटच्या घरापाशी पाऊल अडतं. क्रूस कुठे असावा, तर अंगणात, नाहीतर वाटेच्या कडेला. इथे तो थेट दारात उभा आहे, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर. घरात जायचं तर अंग चोरून जावं लागतं. पाहुणे विचारतात, "हा असा वाटेत कुणी रोवला?" मग आळीतले बस्त्याव आजोबा डोक्यावरची टोपी काढतात आणि सांगू लागतात.

फार वर्षांपूर्वी आळीत पटकीची साथ आली. सकाळी केळीला पाणी लावणारा माणूस दिवेलागणीला उरत नसे, म्हणे. पाद्रीबाबाही साथीतच गेले. इनास नावाचा एक दांडगा बागायतदार होता. त्याची एकुलती लेक फिलू चार घटकांत गेली.

पण साथीहून वाईट गोष्ट पुढेच आली, असं सांगतात. शेवटच्या घरात नातालीन नावाची विधवा राहायची. ना मूल, ना बाळ. कुणाच्या तरी तोंडून निघालं, की ती ज्याच्या उशाशी बसते तोच मरतो; सगळी आळी पाणी भरते त्या बावखलाच्या तळ्यात तिनेच करणी केली. एक बोलला, दहांनी मानलं. इनासनेही मानलं. तिचं नाव मनात आलं, की दुःख थोडं बोथट व्हायचं आणि हात शिवशिवायचे.

एका रविवारी भर दुपारी सगळी आळी तिच्या दारावर चालून गेली. पुढे इनास, हातात पहार. दार फोडायला त्याने पहार उचलली, तोच आतून नातालीनचा आवाज आला. ती रडत नव्हती. गेलेल्यांसाठी प्रार्थना करत होती, एकेकाचं नाव घेऊन.

"आणि आपल्या इनासच्या फिलूला, देवा, मांडीवर घे. पाणी पाणी करत गेलं रे लेकरू."

इनासचा हात जागीच थिजला. फिलू जाताना तो स्वतः अंगणात बसून होता. आत जायची छाती झाली नव्हती. आत तिची आई रोजा होती, आणि नातालीन. तेव्हा त्याला उमगलं, की सैतान या दाराआड नाही. तो आपल्याच खांद्यावर बसून इथवर आलाय, आपल्या लेकीचं नाव पुढे करून.

त्याने पहार उंबऱ्यासमोर जमिनीत रोवली, दाराला पाठ केली आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला.

"बाजूला हो, इनास!" त्याचा मेव्हणा डुमिंग ओरडला. "तुझ्याच पोरीसाठी आलोय आम्ही."

"माझ्या पोरीच्या नावानं हे करू नका. मी हलणार नाही."

दगड आले. कपाळ फुटलं. इनासने हात उगारला नाही. दगडांपेक्षा मनातला आवाज जड होता: सरक बाजूला, तुझं काय जातं? तो पहार घट्ट धरी आणि 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणू लागे. क्षमेच्या ओळीशी जीभ अडे. मग पुन्हा पहिल्यापासून.

अखेर गर्दीतून रोजा पुढे आली. तिच्याही मुठीत धोंडा होता.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "माझी कूस रिकामी झालीय."

"मार मला. पण आधी खरं सांग, रोजा. त्या वेळी फिलूचं डोकं कुणाच्या मांडीवर होतं?"

"नातालीनकाकीच्या," रोजा म्हणाली. "मला भोवळ आली होती. काकीनंच धरलं होतं तिला." धोंडा हातातून गळला. ती त्याच्या शेजारी आली आणि दाराला पाठ करून उभी राहिली.

मग आणखी एक बाई आली. मग एक म्हातारा. सगळ्यात शेवटी डुमिंग आला, मान खाली घालून. ऊन कलेपर्यंत समोर शिव्या द्यायला कुणी उरलं नव्हतं. सगळी आळी पाठमोरी उभी होती.

तेव्हा दार उघडलं. नातालीनने उकळून निववलेलं पाणी तांब्यात आणलं होतं. तिच्या हातचं पाणी विष, असं लोक म्हणत. रोजाने तांब्या घेतला आणि सगळ्यांदेखत पाणी प्यायली. त्यानंतर साथ कुठल्याही नव्या घरात शिरली नाही, असं सांगतात. ती पहार मात्र पुढे कितीही जणांनी ओढली तरी निघेना, म्हणे. शेवटी तिच्याभोवतीच दगडी क्रूस बांधला. नातालीन पुढे खूप जगली. तिच्या हयातीत इनासच्या घरातला प्रत्येक सण तिला पानावर घेतल्याशिवाय झाला नाही.

आजही दरवर्षी त्या रविवारी मांडवआळीतले लोक इथे जमतात आणि घराला पाठ करून प्रार्थना म्हणतात. मग आळीत जे कुणी एकटं राहत असेल, ते पाण्याचा तांब्या घेऊन त्या दारातून बाहेर येतं. पहिला घोट त्या वर्षी ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याचा. बाकीचे थांबतात. कुणी घाई करत नाही.