येसबाची गिरणी आणि घरची डॉक्टरीण

एका गावात एक भोळा गिरणीवाला राहत होता. गावाचं नाव आसबेवाडी, गिरणीवाल्याचं नाव येसबा. भोळा हा शब्द लोक त्याच्या बायकोसमोर वापरत. तिच्या मागे दुसराच वापरत, आणि तो जास्त बरोबर होता.

येसबाच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची. नवी आत शिरली की जुनी बाहेर पडायची. आणि जी आत शिरली ती कुणी सांगितली, कशासाठी सांगितली, हे दाराबाहेरच राहायचं.

गिरणी त्याच्या वडिलांची. घराच्या पडवीतच मांडलेली, डिझेल इंजिनावर चालणारी. चालवायची मात्र सगुणा, त्याची बायको. दळण ओतायची ती, पीठ काढायची ती, डबे ओळखून द्यायची तीच. येसबा खुर्चीत बसून फिरणारा पट्टा बघायचा. त्याला तो गिरणी चालवणं म्हणायचा.

या सगुणेला खोकला होता. छाती भरून यायची, रात्ररात्र बसून काढायला लागायची. ती तालुक्याच्या दवाखान्यात जायची, सकाळपासून ताटकळायची. नंबर लागला की डॉक्टर मान वर न करता बाटली लिहून द्यायचा. दर खेपेला डॉक्टर नवा, बाटली तीच.

अशात आसबेवाडीत डॉक्टर हेमांगी सबनीस आल्या. त्यांची रीत वेगळी होती. घरानं वर्षाचे पैसे एकदाच भरायचे आणि सभासद व्हायचं. मग वर्षभर कधीही या, फोन करा, गरज पडली तर बाई घरी येणार. घरं मोजकीच घेणार, म्हणजे प्रत्येकाशी नीट बसून बोलता येईल.

गाव हसलं. पारावर दत्तू पोळ म्हणाला, "आजारी नसताना डॉक्टरला पैसे? लग्नाचा पत्ता नाही आणि वाजंत्र्यांना इसार!"

सगुणा हसली नाही. तिनं दोघांची नावं घातली. पहिल्याच दिवशी बाईंनी तिला समोर बसवलं आणि खोकला कधी येतो, कशानं वाढतो, झोप लागते का, सगळं विचारलं. सगुणा घरी आली ती डोळे पुसत. इतका वेळ तिचं ऐकून घेतलेलं तिला कुणी आठवत नव्हतं. नवऱ्यानं तर नाहीच.

दवाखान्यातून निघताना बाई सोबत आलेल्या येसबाला म्हणाल्या होत्या, "तुम्हीही लक्ष ठेवा. आजारी पडल्यावर धावत येऊ नका. आजारी पडायच्या आधी या."

येसबानं मान डोलावली. इथूनच घोटाळा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात हजर.

"काय होतंय येसबा?"

"अजून काही नाही."

"मग?"

"उद्या होईल म्हणून आलो."

बाई हसल्या. तिसऱ्या दिवशीही तो आला. चौथ्या दिवशीही. दवाखान्याचं दार उघडायच्या आत पायरीवर येसबा. "बाई, काही झालेलं नाही. लवकर बघा, नाहीतर होईल."

शेवटी बाई म्हणाल्या, "असं रोज यायचं नाही हो. काहीही झालं तरी आधी मला फोन करायचा. मी विचारेन, सांगेन. मग काय ते करायचं. लक्षात राहील?"

"आधी फोन," येसबा म्हणाला आणि घरी गेला.

दोन दिवसांनी सगुणा ज्वारी ओतायला वाकली आणि तिचा पदर पट्ट्यात अडकला. पट्टा तिला ओढायला लागला. ती खांबाला धरून ओरडली, "अवो, इंजिन बंद करा! इंजिन!"

इंजिन येसबाच्या हाताशी होतं. येसबानं खिशातून फोन काढला.

"बाई, येसबा बोलतोय. आसबेवाडीचा येसबा. गिरणीवाला."

"बोला, काय झालं?"

"सगुणेचा पदर पट्ट्यात गेलाय. ती इंजिन बंद करा म्हणतेय. तुमचं काय मत?"

"अहो, बंद करा! आधी बंद करा!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की सगुणेलाही ऐकू आलं. येसबानं इंजिन बंद केलं. लुगडं फाटलं, खांदा सोलवटला, सगुणा वाचली.

बाई स्वतः आल्या. खांद्याला मलमपट्टी केली आणि येसबाला समोर उभं केलं. "नीट ऐका. माणूस तळमळतोय आणि शेजारी यंत्र घरघरतंय असं दिसलं, की आधी यंत्र बंद करायचं. फोन नंतर."

"आधी यंत्र," येसबा म्हणाला.

त्या आठवड्यात सगुणेनं त्याला मलम आणायला दवाखान्यात पाठवलं. आतल्या खोलीत बाकावर कोण? दत्तू पोळ. पारावर हसणारा दत्तू. दम लागायला लागल्यावर तोही गुपचूप सभासद झाला होता. बाईंनी त्याच्या नाकातोंडावर वाफेचा मुखवटा चढवला होता, शेजारी यंत्र घरघरत होतं. दत्तूचे डोळे मोठे झालेले, छाती वरखाली होत होती. बाई पलीकडे हात धूत होत्या.

येसबानं बघितलं. माणूस तळमळतोय. शेजारी यंत्र घरघरतंय.

त्यानं बटण बंद केलं, वायर उपसली आणि दत्तूच्या तोंडावरचा मुखवटाही ओढून काढला. "वाचलास रे दत्तू," तो म्हणाला.

दत्तूला बोलता येत नव्हतं. येत असतं तर त्यानं जे म्हटलं असतं ते इथं सांगता आलं नसतं. बाई धावत आल्या, येसबाला बाजूला लोटलं, यंत्र पुन्हा लावलं. दत्तू निळा झाला होता, तो हळूहळू माणसाच्या रंगावर आला.

बाईंचा आवाज चढला. "येसबा, याचा जीव घाबरा झालाय! जीव घाबरलेल्या माणसाला हात लावायचा तो असा. त्याला बसवायचं, पाठीवरून हात फिरवायचा, पाणी द्यायचं. उलटसुलट काही विचारायचं नाही!"

"बसवायचं, हात फिरवायचा, पाणी द्यायचं. विचारायचं नाही," येसबा म्हणाला आणि मलम न घेताच घरी आला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सगुणा बाहेर गेली होती. भर दुपारी एक माणूस पडवीत शिरला. तोंडाला पंचा गुंडाळलेला. पोळांच्या गव्हाचं पोतं त्यानं खांद्यावर घेतलं, वळला, आणि घराच्या दारात येसबा. त्याच्या खांद्यावरचं पोतं खाली पडलं. पाय लटपटायला लागले, कपाळावर घाम फुटला.

येसबाला त्याची दया आली. त्यानं आपली खुर्ची पुढे केली. "बसा. टेका." मग पाठीवरून हात फिरवला. तांब्याभर पाणी आणून दिलं. विचारलं काहीही नाही.

तो माणूस पाणी प्यायला. त्यानं येसबाकडे बघितलं. पुन्हा बघितलं. मग म्हणाला, "जरा पोत्याला हात लावता का?"

येसबानं हात लावला.

सगुणा परत आली तेव्हा पोतं नव्हतं आणि येसबा खूश होता. "एक माणूस घाबरलेला आला होता. जाताना एकदम ठणठणीत होता."

सगुणेनं कपाळ बडवून घेतलं. रडून झालं, खोकून झालं. मग तिनं त्याचा कान धरला. "डोकं आहे का मडकं? तोंड झाकलेला माणूस दारात दिसला की कडी लावायची! कितीही गयावया करू दे, आत घ्यायचा नाही!"

"तोंड झाकलेला, कडी," येसबा म्हणाला.

आणि तीनच दिवसांनी ते झालं ज्याची सगुणेला इतके दिवस भीती होती. सकाळपासून दळणाची रीघ होती. पिठाचा लोट उठला होता. शेवटचा डबा देऊन सगुणा घरात आली आणि दाराला धरून खाली बसली. श्वास आत जाईना. ओठ काळे पडले. तिनं फोनकडे बोट दाखवलं. येसबानं फोन लावून तिच्या कानाशी धरला. तिला शब्द फुटेना, पण बाईंनी तो आवाज ओळखला. समोर बसवून नीट ऐकून घेतल्याचा हा फायदा. नाव नाही, गाव नाही, नुसत्या घरघरीवरून त्या म्हणाल्या, "सगुणाबाई, ताठ बसा. निघालेच मी."

बाई खरंच निघाल्या. हातातलं काम टाकून, पिशवी घेऊन, स्कूटरवरून धुळीतनं आल्या. पडवीत अजून पीठ उडत होतं, म्हणून त्यांनी नाकातोंडावर मास्क लावलेला.

येसबानं दारात बघितलं. तोंड झाकलेला माणूस. त्यानं कडी लावली.

"येसबा, दार उघडा! मी डॉक्टर सबनीस!"

"तोंड झाकलंय तुमचं."

बाईंनी मास्क खाली ओढला. "आता दिसतंय का तोंड?"

"दिसतंय. पण कडी लावून झालीय."

"अहो, मग काढा ना!"

"कडी लावायची एवढंच सांगितलंय. काढायचं कुणी सांगितलं नाही."

"मी सांगतेय!"

"तुम्ही गयावया करताय," येसबा म्हणाला.

आत सगुणा जमिनीवर हात आपटत होती. बाईंनी जास्त वाद घातला नाही. मूर्खाला पटवायला वेळ लागतो आणि श्वासाला तेवढा वेळ नसतो. त्या धावत मागच्या खिडकीशी गेल्या. "सगुणाबाई, इकडे सरका. सरकत या." सगुणा कोपरांवर सरकत खिडकीपाशी आली. बाईंनी गजांतून हात आत घातला, तिच्या तोंडाशी औषधाचा पंप धरला. "ओढा आत. थांबा. आता पुन्हा." येसबा दाराला पाठ लावून उभा होता. आपण घर राखतोय याचा त्याला अभिमान वाटत होता.

हळूहळू सगुणेच्या छातीतली शिट्टी उतरली. तिला उभं राहता आलं. उभी राहिल्यावर तिनं पहिलं काम केलं ते नवऱ्याला दारापासून ढकलण्याचं.

बाई आत आल्या, पण बसल्या नाहीत. त्यांनी खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. उशीवर, पाण्याच्या हंड्यावर, देव्हाऱ्यात, सगळीकडे पीठ. तालुक्याच्या कुठल्या डॉक्टरला हे दिसणार होतं? त्यांनी सगुणेचं घर कधी बघितलंच नव्हतं.

"सगुणाबाई, तुमचा आजार या पडवीत आहे. औषध मी देईन, पण गिरणी इथं राहिली तर औषध हरणार."

सगुणेनं पडवीकडे बघितलं. गिरणी म्हणजे चूल. तरी ती म्हणाली, "हलवू. पण कुठं?"

बाई येसबाकडे वळल्या. आता त्यांना माणूस कळला होता. त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितला. "येसबा, ही गिरणी इथून हलवायची. जिथं कुणीही आजारी माणूस राहत नाही, अशी जागा शोधायची. वर छप्पर हवं, चारी बाजूंनी वारा हवा. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"कुणी आजारी नको. छप्पर हवं. वारा हवा."

चूक काढायला जागा नव्हती. बाई सगुणेला आपल्याबरोबर घेऊन गेल्या, चार दिवस देखरेखीखाली ठेवायला.

त्या चार दिवसांत येसबा घरोघर हिंडला. प्रत्येक दारात उभा राहून त्यानं विचारलं, "आत कुणी आजारी आहे का?" पाटलांकडे म्हातारीचे गुडघे. शाळेत मास्तरांना पित्त. देवळात पुजाऱ्याला मूळव्याध. गावभर कुणी ना कुणी कण्हत होतं, खोकत होतं. बाईंच्या सभासदांवर हसणारं हेच ते गाव.

पाचव्या दिवशी सगुणा हसतमुखानं घरी आली. छाती मोकळी होती. पडवी रिकामी होती, झाडून लख्ख केलेली. तिला भरून आलं. जन्मात पहिल्यांदा नवऱ्यानं सांगितलेलं काम नीट केलं होतं. सोबत आलेल्या बाईही खूश झाल्या. इतक्यात गावाबाहेरून इंजिनाची पुकपुक ऐकू आली. दोघी आवाजाच्या मागावर निघाल्या. ओढा ओलांडला, बाभळी ओलांडल्या, आणि थबकल्या.

स्मशानात, पत्र्याच्या शेडखाली, प्रेत ठेवायच्या चौथऱ्याशेजारी गिरणी मांडली होती. पट्टा फिरत होता. येसबा खुर्चीत बसला होता.

"बाई, तुम्ही सांगितली तशीच जागा!" तो उठून उभा राहिला. "छप्पर आहे, वारा आहे. आणि आल्यापासून बघतोय, एकजणही खोकला नाही."

सगुणा किंचाळली, "अवो, पण इथं दळायला येणार कोण?"

येसबाला तिची कीव आली. इतकी शहाणी बाई, आणि एवढं कळू नये.

"अगं, येतील की," तो म्हणाला. "आज ना उद्या सगळं गाव इथंच येतं."